खाऱ्या पाण्याचा नमुना

पालिकेच्या पाणी तपासणीच्या खिडकीशी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीत कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरलेलं पाणी होतं आणि डोळे रडून सुजलेले होते. एकवीस वर्षं झाली त्याला. ती खिडकी आता नाही, तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली आहे. तिथून जाताना अजूनही माझी पावलं आपोआप मंदावतात...

खिडकीमागे तो बसला होता. पांढरा डगला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नाकावर घसरलेला जुना चष्मा.

"नळाचं की विहिरीचं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"समुद्राचं," मी म्हटलं. "म्हणजे... घरी बनवलेल्या समुद्राचं."

तेव्हा त्याने मान वर केली.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. माझे बाबा मालवाहू बोटींवर आचारी होते. उभं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस जिन्यात पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अडकला. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा दिवसाला चार शब्द बोलायचे, त्यातले दोन 'नको' असायचे. म्हणून मी खाऱ्या पाण्याची टाकी आणली. वाळू पसरली, पाण्यात मीठ कालवलं, दगड रचले आणि दुसऱ्याच दिवशी नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे सोडले. चौथ्या दिवशी दोन्ही मेले. बाबांनी चेहरा भिंतीकडे वळवला आणि म्हणाले, "नको आणत जाऊस घरात काही."

"आमचं काम पिण्याच्या पाण्याचं आहे," तो म्हणाला. "अर्जात माशांसाठी रकानाच नाही."

मी बरणी उचलायला हात पुढे केला. त्याने ती अलगद स्वतःकडे ओढली.

"पण 'तक्रारीचं स्वरूप' असा रकाना आहे," असं म्हणत त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं – पाणी खारट लागते.

सुजलेल्या डोळ्यांनीच मला हसू आलं.

तासाभराने त्याने निकाल सांगितला. पाण्यात अमोनिया भरमसाट होता. "टाकी मुरू द्यायला हवी होती. माशांची घाण पचवणारे जीवाणू आधी वाढावे लागतात, त्यांना पाच-सहा आठवडे लागतात. सांडपाण्याच्या केंद्रात आम्ही हेच तर करतो..." मग तो एकदम थांबला. "माफ करा. तुमच्या समुद्राला सांडपाणी म्हणायचं नव्हतं मला."

"सहा आठवडे नुसतं पाणी बघत बसायचं?"

"नुसतं नाही. रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजलं की जीवाणूंना खायला मिळेल. आणि दर गुरुवारी नमुना आणा." जरा घुटमळून तो पुढे म्हणाला, "खरं सांगतो, खाऱ्या पाण्यातलं मलाही काही कळत नाही. पण शिकू की."

मग गुरुवार सुरू झाले.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते, जेवणाच्या सुट्टीत दुकानातून निसटायचे. तिसऱ्या गुरुवारी तो म्हणाला की मिठाचं प्रमाण वाढलंय. पाणी कमी झालं की मी त्यात पुन्हा खारंच पाणी ओतत होते.

"अहो, वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. गोडं पाणी घाला."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मलाही कालच कळलं. बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्या काकूंना विचारून आलो."

म्हणजे हा माणूस माझ्या टाकीसाठी माशांच्या दुकानात जाऊन आला होता. परतीच्या वाटेवर दुकान ओलांडून दोन चौक पुढे गेले, तेव्हा भानावर आले.

त्याला मापनळीवरच्या रेघा डोळे बारीक करून वाचाव्या लागत, म्हणून मी त्याला दुकानात बोलावलं. तो शनिवारी आला. केस नीट विंचरलेले, शर्टाला कडक इस्त्री. मी त्याला अक्षरांच्या फळ्यासमोर खुर्चीत बसवून भिंग बदलत विचारलं, "हे स्पष्ट दिसतंय की हे?"

"तुम्ही जरा बाजूला झालात तर सांगता येईल."

"मी फळ्याच्या आड नाहीये."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण फळ्याकडे लक्ष जात नाही."

आमच्या मालकांना त्याच वेळी खोकला यायचा होता.

पाचव्या आठवड्यात तो टाकी बघायला घरी आला. काचेवर तपकिरी थर चढला होता. मला वाटलं सगळं बिघडलं, पण तो म्हणाला, असं होतंच, काकूंनी सांगितलंय. तो काच पुसत होता आणि बाबा खुर्चीतून बघत होते. अचानक बाबा म्हणाले, "गोल फिरवू नकोस. वरून खाली पूस. बोटीच्या खिडक्या तशाच पुसतात." महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं ते. तो मुकाट्याने वरून खाली पुसू लागला. निघेपर्यंत बाबांनी त्याला तीन बंदरं आणि एक वादळ ऐकवलं होतं. तो गेल्यावर मला म्हणाले, "पाणीवाला बरा आहे." मग रोज सकाळी विचारू लागले, "मासे कधी?"

सहाव्या गुरुवारी निकाल आला, अमोनिया अजून थोडा आहे. सातव्या गुरुवारी पुन्हा तेच. घरी जाऊन बाबांना सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याने माझा जीव तुटला. दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन मी थेट मासेवाल्या काकूंकडे गेले. त्यांनी पाण्यात थेंब टाकले, रंग बघितला. सगळी परीक्षा करून म्हणाल्या, "अगं, तयार आहे की पाणी. कधीचंच तयार असेल."

मी तशीच खिडकीवर जाऊन उभी राहिले. तो वर बघून हसला आणि माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

"चष्मा नवीन आहे," मी म्हटलं. "तेव्हा रेघ चुकली असं सांगू नका."

"रेघ चुकली नाही." तो उभा राहिला. "दोन्ही वेळा शून्यच होतं. नोकरीत कधी चुकीचा आकडा लिहिला नव्हता मी. पण शून्य लिहिलं असतं तर... पुढच्या गुरुवारी तुम्ही आला नसतात."

एरवी हे ऐकून मी विरघळले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर बाबांची ती मान होती.

"माझे बाबा रोज सकाळी मासे कधी म्हणून विचारतात," मी म्हटलं. "तुमच्या गुरुवारांसाठी त्यांचे आठ दिवस गेले. त्यांच्याकडे किती दिवस आहेत, मला माहीत नाही."

त्याचा चेहरा उतरला. मी निघून आले.

संध्याकाळी दाराची कडी वाजली. तो होता. माझ्याकडे न बघता सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. शब्दही लपवला नाही, सबबही सांगितली नाही.

बाबांनी टाकीतल्या रिकाम्या पाण्याकडे बघितलं.

"हिच्या आईला मी प्रत्येक पत्रात लिहायचो, पुढच्या महिन्यात येतोय," ते म्हणाले. "यायचो सहा महिन्यांनी. तिला कळायचं. एकदा म्हणाली, खोटं लिहिता त्याचं काही नाही, पण मी दर महिन्याला दार पुसून ठेवते." त्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "वाट बघायला लावणं सोपं असतं, पोरा. बघणाऱ्याला विचार."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला सांगितलंस, झालं. आता उद्या हिच्याबरोबर जा आणि मासे घेऊन ये. आणि हिला पण सांग. ती माझ्यासारखी लगेच विरघळणारी नाही, आईवर गेलीये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन छोटे मासे आणले. बसमध्ये पाण्याने फुगलेली पिशवी त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. खड्डा आला की तो पिशवीभोवती अख्खा वाकायचा. तो तसा वाकलेला बघताना माझा राग कुठल्या थांब्यावर उतरून गेला, मला कळलंच नाही.

घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवली. मासे सोडण्याआधी तासभर थांबायचं होतं, दर दहा मिनिटांनी टाकीतलं थोडं पाणी पिशवीत घालत. बाबा खुर्चीत डोळे मिटून होते. आम्ही दोघं जमिनीवर बसलो.

"आता गुरुवारी तुम्ही येणार नाही," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही या."

"काय कारण सांगून येऊ?"

"कारण लागतंच का?"

"मला लागतं. रकाना भरल्याशिवाय माझं पान हलत नाही."

मी चमच्याने पाणी पिशवीत सोडलं. नजर पिशवीवरच ठेवली. "मग... मागणी घालायला या."

त्याने माझ्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला.

"गुरुवारपर्यंत थांबायलाच हवं का?" त्याने विचारलं. "आजच घातली तर? आता कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, असं ठरवलंय मी."

"घाला," मी म्हटलं. "माझं उत्तर हो आहे."

"तास झाला," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "मासे सोडा आधी."

आम्ही पिशवी तिरकी केली. दोन नारिंगी ठिपके बाहेर आले, गोंधळले आणि दगडाआड गेले. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, काचेवर कपाळ टेकलं. किती वेळ ते तसेच होते. मग एक मासा बाहेर आला, त्याच्यामागून दुसरा. बाबा सांगू लागले, एका बंदरात धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी असेच मासे बघितले होते, आईला दाखवायचे होते, राहून गेलं...

आम्ही ऐकत राहिलो. बाहेर काळोख झाला, तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. माझा ओला हात त्याच्या हातात होता, आणि तो सोडवून घ्यावा असं मला वाटलं नाही.