स्वस्तातली खोली

"आबेल, तू खोलीवरच थांब. तू आम्हांला महाग पडतोस!" बुटांच्या नाड्या बांधता बांधता बोतीने जाहीर केलं.

"गप रे!"

"खोटं आहे का? माझा प्रवास फुकट, रेकाचा फुकट, आजोबांचा फुकट. तू तेवढा गेल्या महिन्यात चौदा वर्षांचा झालास आणि सगळा हिशेब बिघडवलास! थोडं थांबायला काय झालं होतं?"

"वाढदिवस काय मी ठरवतो?" आबेलने बोतीची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढली.

रेका हसली नाही. एरवी तिच्या धाकट्या चुलत भावाच्या बडबडीवर तीच सगळ्यांत आधी हसायची. पण सकाळी उठल्यापासून तिचं डोकं ठणकत होतं, आणि समोर पलंगावर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आजोबा, उठा ना! आज टेकडीवर जायचंय. दोरीच्या गाडीतून!"

"तुम्ही जाऊन या," आजोबा न वळताच म्हणाले. "माझं अंग जड झालंय. उद्या कबरस्तानात जायचंय. आज पडतो."

रेकाने आबेलकडे पाहिलं. आबेलने खांदे उडवले. या वर्षी आजोबांना काही विचारायचं नाही, हे घरातल्या मुलांना न सांगता समजलं होतं.

एतेल्काआजी मार्चमध्ये गेली. ती मूळची बुडापेस्टची. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ती त्यांच्या गावाहून, कार्त्सागहून, एकटी गाडीने राजधानीत यायची, आईवडिलांच्या कबरीवर दिवा लावायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायची. "पुढच्या वर्षी दोघं जाऊ, चांगले दोन दिवस शहर फिरू," असं आजोबा दरवर्षी म्हणायचे. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं, बहुतेक वेळा पैसे. यंदा दिवा लावायचं काम आजोबांकडे आलं. शाळांना शरदाची सुट्टी होती, म्हणून त्यांनी तिन्ही नातवंडांना बरोबर घेतलं. पैसे अजूनही नव्हतेच. म्हणून घरचा पाव, कांदे, उकडलेली अंडी, आणि शहरातल्या आठव्या भागातली सगळ्यांत स्वस्त खोली.

खोली खरं म्हणजे वाईट नव्हती. जुनी चार मजली इमारत, मधे चौक, प्रत्येक मजल्याला चौकाभोवती फिरणारा लोखंडी कठड्याचा सज्जा. तिसऱ्या मजल्यावर खोली आणि तिला लागून चिंचोळं स्वयंपाकघर. तिथे भिंतीवर गॅसचा बंब होता. अंघोळीचं पाणी तोच तापवायचा आणि खोलीही तोच गरम ठेवायचा. परवा संध्याकाळी किल्ली देताना मालक सिलार्द छाती पुढे काढून म्हणाला होता, "खिडक्या नव्या कोऱ्या! एकेक फट मी स्वतः बंद केलीय. कुठूनही गार वाऱ्याचा झोत लागायचा नाही. आमच्याकडे कुणाची मान धरत नाही!"

आजोबांना ते फार पटलं होतं. झोतापासून सांभाळणारा माणूस म्हणजे सज्जन, असं त्यांचं मत होतं.

मुलं बाहेर आली तेव्हा शेजारच्या गीझीआजी सज्जात स्टुलावर बसून बटाटे सोलत होत्या.

"आजोबा नाही का आले?"

"त्यांचं डोकं जड झालंय," आबेल म्हणाला.

"जड होणारच! आभाळ फिरलंय. माझा गुडघा कालपासून सांगतोय." गीझीआजींनी सुरी आभाळाकडे रोखली. मग आवाज खाली आणला. "आणि त्यात बायको गेलेली. उद्या दिव्यांचा दिवस. पडू दे रे त्याला. दुःखाला झोपच औषध."

"माझंही डोकं दुखतंय. मला तर बायकोच नाही," बोती म्हणाला.

आबेलने त्याला ओढतच जिन्यावर नेलं.

*

नदीच्या काठाने दोन नंबरची ट्राम धावत होती. डॅन्यूब नदीचं पाणी करड्या रंगाचं होतं आणि पलीकडच्या टेकडीवर धुकं बसलं होतं. मुलं संसदेजवळ उतरली. काठाच्या दगडी पायऱ्यांवर बसून त्यांनी चरबी लावलेला पाव आणि कांदा बाहेर काढला.

बोतीने दोन तुकडे संपवले आणि तिसऱ्याला हात घातला.

"अरे, काल रात्री तू उलटी केलीस ना?" आबेल म्हणाला. "लांगोश, तो तळलेला पाव, बाधला म्हणून आजोबांनी तुला उपाशी झोपवलं!"

"मी लांगोशचा सगळ्यांत लहान तुकडा खाल्ला होता! मोठा तुला मिळाला. तू का नाही ओकलास?"

आबेलने पावाची पिशवी त्याच्याकडे सरकवली.

रेका हातातला पाव तसाच धरून बसली होती. "आबेल, तुझं डोकं दुखतंय का आता?"

"नाही. सकाळी दुखत होतं."

"बोती?"

"छे! मला भूक लागलीय."

"माझंही थांबलं," रेका म्हणाली. "जिना उतरताना दुखत होतं. ट्राममध्ये कमी झालं. आता काहीच नाही. कालही असंच झालं होतं. काल सकाळी आजोबासुद्धा असेच पडले होते. मग बाहेर पडले आणि पुलावर येईपर्यंत नीट झाले. त्या तिकीट तपासणाऱ्या बाईंशी तर गप्पा मारत होते!"

"आभाळ फिरलंय म्हणतात ना गीझीआजी," आबेल म्हणाला.

"आभाळ इथेही तेच आहे!" रेकाने पाव खाली ठेवला. "की फक्त आपल्याच खोलीवर फिरलंय?"

नदीवरून एक बोट भोंगा वाजवत गेली.

"आणि दुःख म्हणशील," रेका हळूच म्हणाली, "तर काल पुलावर आजोबांना आजीची आठवण येत नव्हती का? येत होतीच. सांगत होते ना, ती इथून एकटी जायची म्हणून. तरी त्यांचं डोकं दुखत नव्हतं. खोलीवर गेलो, जेवलो, आणि पुन्हा ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले."

"म्हणजे खोलीतच काहीतरी आहे," आबेल म्हणाला.

"आणि आजोबा कालपासून... नाही, काल संध्याकाळपासून तिथेच आहेत." रेकाचा आवाज बदलला. "एकटे."

बोतीने नदीपलीकडे पाहिलं. टेकडीच्या उतारावर दोराने वर ओढली जाणारी ती छोटी गाडी धुक्यात चढत होती. तिची तिकिटं परवडावीत म्हणून ते तिघं दोन दिवस त्या एका लांगोशखेरीज काहीही विकत न घेता फिरले होते. त्याने उरलेला पाव पिशवीत कोंबला.

"मग बसलात काय? चला की!"

*

खोलीचं दार उघडलं आणि ऊबदार, कोंदट लाट अंगावर आली. वास कसलाच नव्हता. खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ वाहत होते.

"स्वयंपाक कुणी केला?" बोती म्हणाला. "एवढी वाफ?"

"आजोबा!" रेका पलंगाकडे धावली.

आजोबा पाठीवर झोपले होते. तोंड उघडं. गाल कधी नव्हे इतके लाल. रेकाने त्यांचा खांदा हलवला, मग जोरात हलवला. त्यांचे डोळे अर्धे उघडले आणि तिच्यावर न थांबता पुढे गेले.

"बस गं, एतेल्का," ते पुटपुटले. "येतो... एवढं झालं की येतो..."

आबेल जागच्या जागी थिजला.

"उभा काय राहिलास!" रेका ओरडली. "खिडकी! आधी खिडकी उघड!"

नवी खिडकी घट्ट होती. आबेलने दांडा दोन्ही हातांनी फिरवला आणि ती धाडकन उघडली. गार हवा आत घुसली. तो स्वयंपाकघरात गेला. बंब घुमत होता. त्याने चावी फिरवून तो बंद केला. मग त्याला दाराच्या खालची जाळी दिसली. हवा आत यावी म्हणून केलेली जाळी. तिच्यावर पुठ्ठा लावून कडेने चिकटपट्टी मारली होती, अगदी नीट. भिंतीतल्या वरच्या जाळीचीही तीच गत.

"बंबाला हवाच नाही!" तो ओरडला. "त्याचा धूर धुराड्यातून वर जायचा सोडून इथेच कोंडतोय!"

"नंतर सांग! खांदे धर!"

आबेलने खांदे धरले, रेकाने पाय. आजोबा जड होते. उंबऱ्यापाशी रेकाच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. तिने दात आवळले. एक ओढ, आणखी एक ओढ, आणि आजोबा सज्जाच्या गार फरशीवर आले.

"बोती! बाहेर ये!"

बोती खुर्चीवर चढला होता. छताजवळ एक पांढरी गोल डबी होती. विषारी वायू साठला की ओरडणारी तशीच डबी त्याच्या घरी होती. त्याने ती ओढून काढली, जाता जाता टीव्हीचा रिमोट उचलला आणि बाहेर धावला. डबीमागचं झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं.

"बॅटऱ्याच नाहीत! कुणीतरी काढून घेतल्यात!"

त्याने रिमोटच्या बॅटऱ्या त्यात बसवल्या आणि हात लांब करून डबी दाराच्या आत धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती डबी अशी किंचाळली की चारही मजल्यांची दारं उघडली.

*

गीझीआजी हातात सुरी घेऊनच बाहेर आल्या. "अगं बाई! म्हाताऱ्याला फरशीवर काय झोपवलंय! आणि ती खिडकी लावा आधी, झोत लागेल त्याला!"

"लागू दे झोत!" रेका म्हणाली. ती आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत होती. "आजी, लागू दे!"

गीझीआजींनी सुरी खाली ठेवली.

तळमजल्यावरून सिलार्द धापा टाकत वर आला. आबेलच्या हातात फोन पाहून तो आधी तिकडेच वळला.

"ठेव तो! कुणाला फोन करतोस?"

"अग्निशमन दलाला."

"डोकं फिरलंय का? ते आले की अख्ख्या इमारतीचा गॅस तोडतात! उद्या सणाच्या दिवशी हे सगळे थंडीत बसतील. तुझ्यामुळे!" त्याने सज्जातल्या माणसांकडे हात केला. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. "आजोबा म्हातारे आहेत, दुःखात आहेत, चक्कर आली. डॉक्टरला मी बोलावतो. आणि ती डबी बिघडलेली आहे! रात्री-अपरात्री ओरडायची, भाडेकरू तक्रार करायचे. म्हणून तर बॅटऱ्या काढल्या. ती कुठेही ओरडते!"

आबेलचा हात खाली आला. एवढी मोठी माणसं त्याच्याकडे रागाने पाहत होती. त्याने रेकाकडे पाहिलं. रेकाने आजोबांचं डोकं हलकेच आपल्या घडी केलेल्या कोटावर ठेवलं, आबेलच्या हातातून फोन घेतला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ती जिन्याच्या वळणाआड गेली.

बोतीने ते पाहिलं. तो लगेच डबी घेऊन सिलार्दच्या पुढ्यात आला. दारापासून दूर आल्यावर डबी हळूहळू गप्प झाली होती.

"कुठेही ओरडते ना, काका?"

"हो!"

"मग आता का गप्प बसली?"

"बिघडलीय म्हणून!"

"बरं. मग असं करा. ही घ्या. आत जा, खिडकी लावा, आणि पलंगावर बसा. ओरडली तर बिघडलेली. तुम्हांला काय भीती?" बोतीने डबी पुढे केली. "आमचे आजोबा रात्रभर होते की आत!"

सिलार्दने डबी घेतली. दाराकडे पाहिलं. सज्जातली सगळी माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्याने ओठ चाटले. पाऊल मात्र उचललं नाही.

"जा की!" गीझीआजी म्हणाल्या.

तो गेला नाही.

"जा ना रे, सिलार्द! तुझीच खोली आहे. तूच फटी बुजवल्यास!" गीझीआजींचा आवाज चढला. "आणि माझ्याही खोलीच्या बुजवल्यास! मी तुला केक करून दिला त्याबद्दल!"

जिन्यावरून रेका परत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "निघालेत ते. सगळ्यांनी आपापल्या खिडक्या उघडा म्हणालेत. सगळ्यांनी!"

या वेळी कुणीही वाद घातला नाही. सज्जाभर खिडक्या उघडल्याचे आवाज आले.

*

जवान आले, मापकं घेऊन आत गेले आणि गॅस तोडूनच बाहेर आले. गीझीआजींच्या खोलीतही विषारी वायू निघाला, थोडा. इमारत खरंच थंडीत बसणार होती. पण सिलार्दला मागून आलेल्या पोलिसांनी खाली नेलं तेव्हा त्याच्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही.

दलाच्या प्रमुख बाई रुग्णवाहिकेपाशी मुलांसमोर उकिडव्या बसल्या. "आधी खिडकी उघडायची हे कुणाला सुचलं?"

दोघा भावांनी रेकाकडे बोट दाखवलं.

"या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो, आणि घरच्यांना वाटतं, दमला असेल. मी अशा किती खोल्यांमध्ये गेलेय. बहुतेक वेळा उशिराच बोलावतात आम्हांला." त्या थांबल्या. "आज मी वेळेवर आले. तुमच्यामुळे. पण पुढच्या वेळी पुन्हा आत शिरून डब्या काढायच्या नाहीत. समजलं, बोती?"

"हो," बोती म्हणाला, आणि आजच्या दिवसात पहिल्यांदाच रडला.

संध्याकाळपर्यंत रुग्णालयात मुलांना बरं वाटू लागलं. आजोबांच्या तोंडावर रात्री उशिरापर्यंत प्राणवायूचा मुखवटा होता. तो काढला तेव्हा डॉक्टरांनी तिघांना आत सोडलं. मुलांचे आईवडील कार्त्सागहून निघाले होते, अजून पोहोचायचे होते.

आजोबांनी एकेकाचा हात हातात घेतला.

"पोरांनो," ते म्हणाले, "इतकी मोठी माणसं होतो आम्ही. मी, ती शेजारीण, तो मालक. कुणाला दिसलं नाही ते तुम्हांला दिसलं. शाबास."

"तुम्हांला काहीच कळलं नाही, आजोबा?" रेकाने विचारलं. "डोकं इतकं दुखत होतं तरी?"

"कळलं की. पण मार्चपासून असंच जड वाटतंय मला. सकाळी उठवत नाही. मला वाटलं, तेच आहे, जरा वाढलंय. उद्या एतेल्काच्या गेलेल्या माणसांचा दिवस, म्हणून वाढलंय." ते छताकडे पाहत होते. "खरं सांगू? मी त्याच्याशी भांडलोच नाही."

रेकाने त्यांची बोटं घट्ट धरली.

"आता कसं वाटतंय?" आबेलने विचारलं.

आजोबांनी डोकं थोडं हलवून पाहिलं, डावीकडे, मग उजवीकडे.

"डोकं हलकं झालं. साफ हलकं झालं," ते म्हणाले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. "हे आहे तिथंच आहे. पण आता दोन्ही वेगवेगळी कळतात."