पत्रेवाल्या काकांचं कॅबिनेट

कॅबिनेट टेंपोतून उतरवलं खरं, पण गॅरेजच्या दारात ते अडकलंच. शेवटी मिस्त्रीणबाईंच्या नवऱ्याने दाराची एक फळी बिजागरीतून काढली, तेव्हा कुठे ते आत आलं.

"अगं, हा कॉम्प्युटर आहे की कपाट?" घाम पुसत तो म्हणाला.

मिस्त्रीणबाई हसल्या. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. घरामागच्या गॅरेजात त्यांनी मोठमोठे कॉम्प्युटर जोडून द्यायला सुरुवात केली, तेव्हा येणारा प्रत्येकजण आधी नवऱ्याशीच बोलायचा. तो हात झटकून सांगायचा, "मी नुसता हमाल. मिस्त्री ती आहे." तेच नाव चिकटलं.

कॅबिनेट मात्र खरोखर देखणं होतं. कमरेएवढं उंच, जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, एका अंगाला काच. कुठेही धार हाताला लागत नव्हती. ते घडवणाऱ्या काकांचा उभा जन्म पत्र्याच्या कामात गेला होता. आत बसवायचे सुटे भागही ते सोबत घेऊन आले होते, बाजारात मिळतात त्यातले सगळ्यात भारी.

"मुलीसाठी," ते म्हणाले. "पडद्यावर हलती चित्रं काढते. सध्या अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी हात टेकले. पण तिला बसायला जागा तयार हवी ना?"

मिस्त्रीणबाईंनी सुट्या भागांची खोकी उघडायला घेतली.

काम नेहमीसारखं सुरू झालं. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर बसला, प्रोसेसर खाचेत अलगद उतरला. मिस्त्रीणबाई स्क्रू आधी बोटाने फिरवून घेत, मग आवळत. घाई केली की आटे जातात. एकच गोष्ट खटकली. पत्रा कोमट होता. ऊन येत असेल म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. शेजारची दुसरी कॅबिनेटं हाताला गार लागत होती. हे मात्र उबदारच राहिलं, झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखं.

दुपारी पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड बसवलं. विटेसारखं जड कार्ड. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर खाचेत कट्‌कन बसलं. त्या हात पुसतायत तोवर फोन वाजला. काकांच्या घरून काकू बोलत होत्या.

"ताई, आत्ता काय बसवलंत?"

"ग्राफिक्स कार्ड. का हो?"

मग काकू म्हणाल्या, "हिला एकाएकी दिसेनासं झालंय."

"आजारच तसला," नवरा म्हणाला. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तू डोक्यात घेऊ नकोस."

मिस्त्रीणबाईंनी डोक्यात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याने गार ठेवायच्या नळ्या जोडल्या, सांध्यांखाली कोरडे कागद पसरले आणि गळती बघायला नुसता पंप चालू करून वरून पाणी ओतलं. पाणी जात राहिलं. बाटली संपली, दुसरी फोडली, तीही संपत आली. एवढ्या नळ्यांत इतकं पाणी मावणं शक्यच नव्हतं. कागद मात्र कोरडे ठणठणीत.

संध्याकाळी काकूंचा पुन्हा फोन आला. मुलीचे हातपाय बर्फासारखे गार पडले होते.

ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नाही. सांगितली असती, तर त्याला पुन्हा एखादी म्हण शोधावी लागली असती.

पंखे शेवटी बसवले. पुढचे हवा आत ओढणारे, मागचे बाहेर टाकणारे. सकाळी सगळं जोडून त्यांनी बटण दाबलं. दिवे लागले, पडदा उजळला, सगळं पहिल्याच फटक्यात सुरू झालं. एरवी अशा वेळी त्या नवऱ्याला हाक मारून चहा टाकायला सांगत. आज त्यांनी कागदाची एक पट्टी फाडली आणि मागच्या जाळीसमोर धरली.

पट्टी बाहेर उडाली. मग सावकाश परत आली आणि जाळीला चिकटली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

पंखा एकाच बाजूला वारा टाकतो. त्यांनी वाकून एकेक पंखा तपासला. सगळे बरोबर बसले होते, सगळे एकाच दिशेने फिरत होते. पट्टी आतबाहेर होत होती.

तेवढ्यात दारात काकू उभ्या राहिल्या. पायात घरातल्या चपला, पदर कसाबसा खोचलेला.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "सगळं काढा."

"काकू, आधी बसा तरी."

"तुम्ही इथे एकेक बसवताय आणि तिकडे ती एकेक संपतेय. ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, संपत नाहीये, जागा बदलतेय." त्यांना धाप लागली होती. "तुम्हालाही लेकरं असतील. पाया पडते तुमच्या."

बाई दुःखाने वेडीपिशी झालीय, असं मिस्त्रीणबाईंनी स्वतःला समजावून पाहिलं. पण कागदाची पट्टी अजून त्यांच्या हातात होती.

त्यांनी बटण दाबलं.

पंखे मंदावले, थांबले. पट्टी खाली लोंबली.

काकूंच्या मुठीतला फोन वाजला. त्यांनी कानाला लावायच्या आधीच काकांचा आवाज गॅरेजभर झाला.

"कोणी बंद केलं? श्वास थांबलाय तिचा! चालू करा!"

काकू फोनकडे बघत राहिल्या.

"चालू करा, ताई."

मिस्त्रीणबाईंनी बटण दाबलं.

पट्टी हलली.

"घेतला," फोनमध्ये काका रडत होते. "घेतला श्वास."

त्या दिवसापासून मुलगी बरी होत गेली. दिसू लागलं, उठून बसू लागली, घरभर हिंडू लागली. डॉक्टरांनी श्रेय घेतलं. कॅबिनेट मात्र गॅरेजातच राहिलं. हलवायचं तर बंद करावं लागणार, आणि ते कोण करणार? मिस्त्रीणबाईंच्या नवऱ्याने काही न विचारता त्याला इन्व्हर्टर जोडला आणि बटणावर चिकटपट्टी लावली. त्यानंतर त्याने त्या कॅबिनेटवरून एकदाही विनोद केला नाही.

काकूंनी एकदाच फोन केला. "चांगली आहे हो. सगळं वेळच्या वेळी करते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त मला 'अहो आई' म्हणते. जन्मापासून 'ए आई' म्हणत आलेली पोरगी."

काका मात्र रोज येत. कॅबिनेटशेजारी स्टूल ओढून पत्र्यावर तळहात ठेवून बसत.

"काका, घरी जा," मिस्त्रीणबाई एकदा न राहवून म्हणाल्या. "लेकीजवळ बसा."

"बसलोय की," काका म्हणाले.

पुढे त्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि त्यांचं येणं बंद झालं. मग एका दुपारी मुलगीच आली, एकटी. नीटनेटकी, केस चापूनचोपून बांधलेले. तिने हात जोडून आभार मानले. मिस्त्रीणबाईंनी तब्येत विचारली.

"मला काय झालंय? मी उत्तम आहे."

ती कॅबिनेटसमोर गेली. काचेतून आतल्या नळ्या, तारा, दिवे निरखत राहिली. मग वाकून तिने काचेला कान लावला, आणि शेजारघराची चौकशी करावी तशा सुरात विचारलं,

"ही दिवसासुद्धा रडते का?"

"कोण?"

मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. लहान मुलाने भाबडा प्रश्न विचारल्यावर मोठी माणसं हसतात, तशी हसली. मग कॅबिनेटच्या तोंडाशी असलेलं पंख्यांचा वेग कमीजास्त करायचं चक्र तिने हळूहळू शेवटपर्यंत फिरवलं. वाऱ्याच्या घोंघावण्याने गॅरेज भरून गेलं.

"असंच ठेवा," ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "म्हणजे तुम्हाला त्रास नाही."

ती गेल्यावर मिस्त्रीणबाई त्या चक्रावर बोटं ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. थोडं मागे फिरवलं असतं, तरी आतलं ऐकू आलं असतं.

त्यांनी हात काढून घेतला. पंखे अजून पूर्ण वेगानेच चालू आहेत.