डबीतला डोळा

स्टीलची छोटी डबी. आत ओला कापूस. कापसावर एक डोळा, छताकडे बघत.

*

आर्णीला स्टँडमागे रहमतभाईंचं गॅरेज. पाने टांगायच्या खिळ्यांच्या ओळीत एक खिळा रिकामा. मुलगी घरी आली की तिथे स्टेथोस्कोप लटकतो.

*

"मी आठला राउंडला येते. तोवर सगळ्या शीट भरलेल्या पाहिजेत. कोरी दिसली तर फाडीन." अकरा वर्षांपूर्वी एकदाच सांगितलेलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

*

सकाळी सात ते आठ. थालीपीठ, दही, आणि टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईल.

*

कपाशीवर फवारताना वारा फिरला तर बाया पदर तोंडाला बांधतात. पदर ओला होतो.

*

खाट क्रमांक सात. रुपीबाई, वय पन्नास. फवारणीची विषबाधा. सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी मृत.

*

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता संचालक नीळकंठरावांनी डॉ. सुनीती पांढरीपांडेंना बोलावलं. यवतमाळजवळच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात सुनीती मेडिसिनची प्रमुख. एमबीबीएस झालेली पोरं पुढचं शिकायला यायची आणि तीन वर्षं तिच्या हाताखाली राबायची.

टेबलावर टाइप केलेलं पत्र तयार होतं.

"कशफची जागा रद्द. चार वाजता समितीपुढे ठेवतो. तुमचा चौकशी अहवाल तेवढा द्या. दोन ओळी पुरेत."

"चौकशी अजून झालेली नाही."

"कसली चौकशी, मॅडम? शीट बघा."

सकाळी सहा दहा. दोन्ही बाहुल्या मोठ्या. छाती मोकळी. अ‍ॅट्रोपिनचा ड्रिप निम्मा करावा. खाली 'के'.

अ‍ॅट्रोपिन हा विषावरचा उतारा; बाहुल्या मोठ्या म्हणजे तो पुरेसा लागला. त्या ड्रिपवरच रुपीबाई जगत होती. विष अंगात असेपर्यंत तो घाईने कमी केला, की छातीत पाणी भरतं आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडतो.

कशफ पहिल्या वर्षाची. रुजू होऊन पाच महिने. असा शेरा लागला तर तिला कुठलंच रुग्णालय उभं करणार नव्हतं. हातात पाच तास होते.

*

कशफ वसतिगृहात बॅग भरत होती.

"हे तू लिहिलंस?"

"माझं नाव आहे, मॅडम."

"मी ते विचारलं नाही."

"पेशंट माझी होती. शीट कोणीही भरतं. नाव पेशंटवाल्याचं."

"छाती भरतेय हे कधी कळलं?"

"सात-सव्वासातला."

"मग ड्रिप लगेच का वाढवला नाहीस?"

"पहिल्या वर्षाने तुम्हाला विचारल्याशिवाय अ‍ॅट्रोपिनला हात लावायचा नाही. तुमचाच नियम आहे. मला वाटलं, निम्माही तुम्हीच करायला सांगितला असेल."

"विचारायचं होतंस. फोन केलास?"

"केला."

"कुणाला?"

कशफ चेन ओढत राहिली. चेन अडकली होती.

पहिल्याच महिन्यात तिने पहाटे सुनीतीला एक साधा डोस विचारायला फोन केला होता. राउंडला सगळ्यांसमोर सुनीती म्हणाली होती, "एवढंही विचारावं लागत असेल तर बापाच्या गॅरेजात पाने दे." सगळे हसले. कशफही हसली. त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही. निदान सुनीतीला तसं वाटत होतं.

*

"ड्रिप कोणी कमी केला, विमलताई?"

"मीनं." वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. "शीटवर लिहेल होतं. तुम्हीच शिकवलं ना, तोंडाचं ऐकू नका, लिहेल पाहा."

"कशफने शीट आणून दिली?"

"टेबलावर गठ्ठा ठेवेल होता. कोणं ठेवला ते नाही पाहिलं. मंग सातनंतर ते पोरगी व्हरांड्यात फोन लावून राह्यली होती. एकडाव, दोनडाव, तीनडाव. कोणी उचलेच ना."

"कुणाला लावत होती?"

विमलताईंनी एकदा सुनीतीकडे पाहिलं. मग ट्रे उचलला. "मी कायले विचारू जी?"

*

रुपीबाईचा मुलगा नेमसिंग मृत्यूच्या दाखल्यासाठी बाकावर बसला होता.

"सकाळी सहाला कशफ तुझ्या आईजवळ आली होती?"

"नाही जी. ते अकरा नंबरवर होती. मण्यार चावलेला माणूस. साडेपाचपासून त्याची श्वासाची पिशवी दाबून राह्यली होती, सातपर्यंत. मी म्हटलं, बाई, मी दाबू का? म्हणे, दादा, चुकली तर जीव जाईल त्याचा."

"मग तुझ्या आईला सहाला कोणी तपासलं?"

"याडीजवळ कोणीच नाही आलं. मी उशालेच होतो." त्याने खिशातून डबी काढली. "हे तिचं. तुरीची काडी लागून डावा डोळा गेलता. हा नकली. झोपताना काढून ठेवे. तुम्हीच ठेवा. मी घरी नेऊन काय करू?"

सुनीतीने डबी घेतली.

मग तिने फाइल पुन्हा उघडली. पहिल्या दोन दिवसांत कशफची प्रत्येक नोंद एकसारखी होती: उजवी बाहुली पाच मिलिमीटर; डावा डोळा कृत्रिम. प्रत्येकीखाली सुनीतीची स्वतःची सही होती. तिने एकही वाचली नव्हती.

वॉर्डात विषबाधेचे आणखी दोन रुग्ण होते. त्यांच्याही शीट तिने मागवल्या. सहा दहा. सहा अकरा. सहा बारा. दोन्ही बाहुल्या मोठ्या. दोन्ही बाहुल्या मोठ्या. दोन्ही बाहुल्या मोठ्या.

*

अनिकेत तिसऱ्या वर्षाचा, त्या पहाटे वॉर्डातला सिनियर. पुढच्या महिन्यात परीक्षा. त्याने विचारायच्या आधीच मोबाईल पुढे केला.

"मला तिचा फोन नाही आला, मॅडम. बघा ना. मी सात वाजता आंघोळीला गेलो होतो."

खरं होतं. यादीत कशफचं नाव नव्हतं.

जिन्यात सुनीतीने स्वतःचा मोबाईल काढला. बराच वेळ बघत राहिली. मग पर्समध्ये टाकला.

*

चार वाजता. नीळकंठराव, समितीचे दोघं, अनिकेत.

"अनिकेत, त्या दिवशी तू वॉर्डात फेरी मारलीस?"

"हो मॅडम. सहाच्या सुमारास."

"रुपीबाईला बघितलंस?"

"बघितलं. ठीक होती."

"बाहुल्या?"

"मोठ्या होत्या. दोन्ही."

"दोन्ही?"

"दोन्ही, मॅडम. टॉर्च मारून बघितल्या."

सुनीतीने डबी टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

अनिकेत डोळ्याकडे बघत राहिला. डोळा त्याच्याकडे.

"तिला एकच होता," सुनीती म्हणाली. "ज्याने ही नोंद केली त्याने बाईचं तोंडही पाहिलं नाही. कशफ तेव्हा दीड तास एका माणसाचा श्वास हातात धरून बसली होती. तिने लिहिली असती तर नेहमीसारखी एकाच डोळ्याची लिहिली असती. तीन मिनिटांत तीन माणसं कोणी तपासत नाही, अनिकेत. तीन कागद भरतो."

"तिची शीट कोरी राहिली असती." अनिकेत म्हणाला. "तुम्ही फाडली असती. मी तिला वाचवत होतो. पहिल्या वर्षी माझ्यासाठीही सिनियर अशाच भरायचे. दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी ड्रिप आपण कमी करतोच ना, मॅडम."

"मग तीन दिवस गप्प का?"

"परीक्षा आहे."

नीळकंठरावांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे अनिकेत."

"संपलं नाही अजून. चूक सव्वासातला कशफला सापडली होती. बाई तेव्हा वाचण्यासारखी होती. कशफकडे औषध होतं, हात होते. फक्त परवानगी नव्हती. माझा नियम वॉर्डात तिने एकटीनेच पाळला, आणि तो तिलाच आड आला. वीस मिनिटं ती परवानगी मागत होती. शेवटी पावणेआठला तिने न विचारताच ड्रिप वाढवला, तशी नोंद आहे. तोवर उशीर झाला होता."

"परवानगी कुणाकडे मागत होती?"

सुनीतीने मोबाईल काढून डबीशेजारी ठेवला. सात बावीस. सात सव्वीस. सात एकतीस. तिन्ही कशफचे.

"तीन दिवस हे माझ्या पर्समध्ये होतं. नाश्त्याच्या वेळचे फोन मी न बघता पुसते. हे पुसायचे राहिले."



"हे शेवटचं लिहू नका, मॅडम," समितीतला एक जण म्हणाला. "शिकवण्याची मान्यता जाईल."

"लिहून झालंय."

नीळकंठरावांनी अहवाल घेतला, वाचला नाही, खणात ठेवला. मग दुसरा कागद काढला. "कशफने दुपारीच राजीनामा दिला. ती गेली. आता कोणाची चौकशी, कोणासाठी?"

टाइप केलेल्या पत्रात एकच ओळ बदलली. 'जागा रद्द' खोडून 'राजीनामा मंजूर'.

*

संध्याकाळी सुनीतीने आर्णीला फोन लावला. रहमतभाईंनी उचलला.

"ती झोपली आहे, मॅडम. तीन दिवसांनी झोपली. उठवत नाही."

"तिला सांगा, चूक तिची नव्हती. परत यायला सांगा."

"सांगतो. पण ती म्हणते, पेशंट माझ्या हातानं गेली. मी मेकॅनिक माणूस. मले त्यातलं काय समजते?" मागे कोणीतरी गाडी सुरू करून बघत होतं. ती सुरू होत नव्हती.

*

कोरी शीट फाडायचा आणि विचारल्याशिवाय अ‍ॅट्रोपिनला हात न लावायचा, असे दोन्ही नियम सुनीतीने काढून टाकले. तशी नोटीस लावली. मोबाईल आता सुलटा असतो.

पुढच्या महिन्यात अनिकेत परीक्षेला बसला. कशफच्या जागी गौरी नावाची मुलगी आली. आठव्या दिवशी सुनीती न सांगता सव्वासहाला वॉर्डात गेली. गौरी टेबलाशी बसली होती. समोर अकरा शीट, सगळ्या भरलेल्या.

"तपासायला वेळ पुरत नव्हता, तर फोन का नाही केलास मला?"

"तुम्हाला?" गौरी हसली, मग घाबरली. "सिनियर म्हणाले, मॅडमना फोन करायचा नसतो."

*

सात वाजून बावीस मिनिटांनी, पहिल्या फोनच्या वेळी, रुपीबाई बोलत होती. मोठ्या मॅडम येतील, डोळा लावून दे, असं तिने कशफला सांगितलं होतं.