पानओव्याचं वाण

इरफान मुजावरने बटाट्याची कच्ची चकती चिमट्याने उचलली, उलटी केली आणि भिंगाखाली धरली.

"घ्या सुलभाताई," तो म्हणाला. "तुमची कूज वळवळतेय."

डॉ. सुलभा दामले यांनी भिंगाला डोळा लावला. चकतीच्या ओल्या बाजूला पाच-सहा अळ्या चिकटल्या होत्या. अंग आरपार, पोटातलं खाणंसुद्धा दिसावं असं, आणि डोकं मात्र काळं कुळकुळीत. रताळ्याच्या वेलाची कलमं पाणी असूनही माना टाकत होती, तेव्हा सुलभाताईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं की ही साधी कूज आहे. मंगळावर अकरा वर्षं रोपं वाढवलेल्या बाईला कोण शहाणपण शिकवणार?

"ही बुरशीमाशी," इरफान म्हणाला. तो कीटकशास्त्रज्ञ होता. "ती बारीक काळी चिलटं उडतात ना, ती हिची आई. ओल्या कोकोपीटच्या भुशात अंडी घालते. अळी आधी बुरशी खाते, मग कलमाच्या कापलेल्या टोकाला लागते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. कच्चा बटाटा ठेवला की जेवणावळ असल्यासारख्या सगळ्या वर येतात."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"रोज सांगत होतो. तुम्ही बटाटा आज दिलात."

त्याच क्षणी त्यांच्या मागे कलमकक्षाचं विलगद्वार धाडकन बंद झालं. छतावरच्या कॅमेऱ्यानेही ती चकती पाहिली होती.

या वसाहतीचं सरकारी नाव भलतंच भारदस्त होतं, पण राहणारे सगळे तिला तांबडवाडीच म्हणत. तांबडवाडीची दारं माणसाच्या हातात नव्हती. सुरुवातीच्या काळात एका कक्षात अशीच कीड लागली, आत कुणाचा तरी नवरा अडकला, सगळ्यांचं मन द्रवलं आणि दार उघडलं गेलं. त्या वर्षी पीक बुडालं आणि माणसं उपाशी मेली. मग ठरलं, दाराला दयामाया नको. दाराच्या दोन्ही बाजूंच्या पिवळ्या चिकट सापळ्यांवर माशीची एक अख्खी पिढी सरेपर्यंत एकही माशी चिकटली नाही, तरच यंत्राने दार उघडायचं. मध्ये एक जरी सापडली तरी मोजणी पहिल्यापासून. हा नियम खुद्द सुलभाताईंनी लिहिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"पिढी किती दिवसांची?" त्यांनी विचारलं.

"या गारव्यात धरा महिनाभर."

सुलभाताई स्टुलावर बसल्या. परतीचं यान तीन महिन्यांनी सुटणार होतं. पुढचं त्यानंतर दोन वर्षांनी, आणि तोवर त्यांची हाडं पृथ्वीचं वजन पेलण्याजोगी राहणार नाहीत असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हे यान चुकलं की घर कायमचं चुकलं. मिरजेला धाकट्या बहिणीने, विजूने, त्यांच्यासाठी माडीवरची खोली रंगवून ठेवली होती. रंगावरून दोघी तीन महिने भांडल्या होत्या.

"होईल वेळेत," इरफान म्हणाला. "पण माझं ऐकायचं. आजपासून वरून पाणी बंद."

"वेड लागलंय का? या कोवळ्या कलमांना अजून मूळ नाही. वसाहतीचं पुढचं पीक आहे हे!"

"खालून पाणी द्यायचं, ट्रेमध्ये. वरचा थर कोरडा ठणठणीत ठेवायचा, म्हणजे माशीला अंडी घालायला जागा नाही. आत आहेत त्या अळ्यांसाठी सूत्रकृमी सोडू. ते अळीच्या अंगात शिरून तिला मारतात, कलमाला हात लावत नाहीत."

दोघांनी कंबर कसली. सडलेली कलमं काढली, वर भाजलेल्या वाळूचा थर दिला, सूत्रकृमींचं पाणी सोडलं. जेवण भिंतीतल्या नळीतून यायचं, तेही गार. कक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला काही क्षण लागत आणि मग पुन्हा भिंत. सुलभाताईंना रात्री श्वास कोंडल्यासारखा व्हायचा. हवा भरपूर होती, तरी व्हायचा. त्या उठून दाराच्या काचेला कपाळ टेकून उभ्या राहत.

काचेपलीकडे रोज संध्याकाळी पद्मजा निंबाळकर यायची. ती वसाहतीची प्रमुख, पण सुलभाताईंसाठी नुसती पद्मे. अकरा वर्षं दोघींनी एकमेकींचा चहा प्यायला होता आणि एकमेकींच्या चहाला नावं ठेवली होती.

"सुलू, वाळलीस गं," ती ध्वनियंत्रातून म्हणायची.

"तुझ्या दाराची कृपा."

"माझं कुठलं? नियम तुझाच."

माश्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. बटाट्याच्या चकत्या कोऱ्या निघू लागल्या. पिढी सरली त्या सकाळी सुलभाताई वेणीफणी करून दारापाशी उभ्या राहिल्या. दार हललं नाही. दारावरच्या पट्टीवर अक्षरं उमटली: आतली बाजू स्वच्छ. बाहेरची बाजू अस्वच्छ.

"बाहेर?" इरफान चक्रावला. "आपल्या कक्षातून बाहेर काय गेलं होतं?"

सुलभाताई मागे वळून पानओव्याच्या ट्रेकडे बघू लागल्या.

"संक्रांत," त्या म्हणाल्या. "माझं इथलं शेवटचं हळदीकुंकू. पानओव्याची कलमं वाण म्हणून दिली. घरोघरी, चहाच्या कपांत लावून."

"मुळं धुऊन दिलीत ना?"

"वाण काय उघड्या मुळांचं देतात? कसं दिसेल ते! इथलंच कोकोपीट भरलं."

इरफानने कपाळावर हात मारला. "आणि चहाचा चोथा कुंडीत टाकायची आपल्या बायकांना, बाप्यांनाही, सवय! ओला चोथा म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे अळीची चंगळ. ताई, आता आपण कीड म्हणून कोंडलेलो नाही. आपण स्वच्छ म्हणून कोंडलेलो आहोत."

बाहेर एकच धावपळ झाली. पद्मजाने दवंडी दिली, घरोघरचे कप कचराभट्टीत गेले. यानाला अजून दीड महिना होता. एक पिढी मावणार होती, पण सूट जेमतेम पंधरवड्याची होती.

बाहेरचे सापळे रिकामे होत गेले. आणि मग बाराव्या दिवशी एक माशी चिकटली. मोजणी पहिल्यापासून.

"कुणाच्या तरी घरात एक कप उरलाय," इरफान म्हणाला. "एकच. जास्त असते तर माश्याही जास्त दिसल्या असत्या."

सुलभाताईंनी ध्वनियंत्र सगळ्या वसाहतीला जोडायला लावलं. "कोण आहे तो करंटा? तुमच्या एका रोपट्यापायी मी इथे सडू का? माझी बहीण वाट बघतेय तिकडे!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. "हात जोडते. टाका ते."

काचेपलीकडे पद्मजा खाली मान घालून उभी होती. कुणीही पुढे आलं नाही. चार दिवसांनी आणखी एक माशी सापडली. आता यान सुटेपर्यंत अख्खी पिढी मावणार नव्हती.

यान सुटलं तेव्हा कलमकक्षाची जमीन हलकीशी थरथरली. सुलभाताई ट्रेमध्ये पाणी भरत होत्या. त्या तशाच खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. इरफान शेजारी बसून राहिला.

संध्याकाळी पद्मजा आली. तिच्या हातात कानतुटका चहाचा कप होता आणि कपात पानओवा, हिरवागार, चांगला वीतभर वाढलेला. पानाभोवती एक काळं चिलट घिरट्या घालत होतं.

सुलभाताईंनी कपाकडे बोट केलं. "तू?"

"दिव्यासमोर धरून दहादा पाहिलं गं. काही दिसत नव्हतं. पातळ फडकंसुद्धा बांधून ठेवलं होतं."

"बटाटा लावायचा होतास!"

"कोठारात बटाटा मागितला असता तर कळलं असतं ना, माझ्याकडे कप आहे ते." पद्मजाचे डोळे घळाघळा वाहत होते. "सगळ्यांना टाकायला लावलं, मला टाकवेना. तू जाणार. तुझं म्हणून एवढंच मागे राहणार होतं. म्हणून जपलं."

सुलभाताईंनी काचेवर मूठ आपटली. एकदा, दोनदा. बराच वेळ दोघी काचेच्या दोन्ही बाजूंनी नुसत्या रडत होत्या.

मग सुलभाताईंनी पदराने तोंड पुसलं.

"टाक ते भट्टीत," त्या म्हणाल्या. "आता कशाला हवी आठवण? मी कुठे चाललेय?"