दुसरा श्वास

ही गोष्ट खोटी ठरली, तर सगळ्यात जास्त सुटका माझी होईल.

कारण हे घडलं माझ्या मावशीच्या बाबतीत. आणि तिला तिथे पाठवलं होतं माझ्या आईने.

मावशी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. दिवसभर बंद खोलीत बारीक बारीक आवाज. त्यात त्या वर्षी तिचा घटस्फोट झाला. डोकं नुसतं भणभणायचं. आई म्हणाली, "आठ दिवस जंगलातल्या त्या घरात जाऊन राहा. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते ना! तसली शांतता शोधून सापडायची नाही." सगळं आईनेच ठरवलं. स्वतःचा लोकरीचा कोटसुद्धा दिला.

जानेवारीतला दुसरा शनिवार. मुक्कामाचा तिसरा दिवस. दुपारचे तीन.

बाहेर गुडघाभर बर्फ, वर लख्ख ऊन. पाखरू नाही, वारा नाही. मावशी खिडकीशी डोळे मिटून बसली होती. लग्न मोडलं त्यात आपलं काय चुकलं, हे ती पहिल्यांदाच न रडता आठवत होती.

शांतता एवढी, की स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आत... बाहेर...

आत... बाहेर...

तिला काहीतरी खटकलं. तिने श्वास रोखला.

आत... बाहेर...

चालूच होता.

डाव्या कानामागे. वीतभर अंतरावर.

भास म्हणावं, तर कानांवरच तिचं पोट चालतं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिथेही तेच. मग तशीच बर्फात धावत सुटली. मागे वळून पाहिलं...

पावलं एकटीचीच होती.

श्वास मात्र दोन. दोघांनाही धाप लागलेली.

थोड्या अंतरावर रखवालदाराची खोली. तो लाकडं फोडत होता. दारात रेडिओ मोठ्याने चालू. तिला पाहताच त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"लागलं वाटतं मागे."

"काय लागलं?"

"म्हणजे... तुमच्या ताईंनी सांगितलं नाही?" त्याने नजर चुकवली. "मागच्या महिन्यात आल्या होत्या. विचारत होत्या, दुसरं कुणी येऊन राहिलं तर हे मला सोडेल का. मी म्हटलं, मला काय ठाऊक? मी आपला रेडिओ लावून असतो. मला वाटलं, तुम्ही सगळं ऐकून आलाय."

रेडिओ.

आमच्या घरी दोन वर्षं रेडिओ बंद झाला नव्हता. झोपतानाही नाही. मावशी त्यावरून आईला चिडवायची.

तिथूनच तिने फोन लावला.

"ताई, खरं सांग. तुला माहीत होतं?"

आई रडायला लागली.

"मघापासून तो श्वास ऐकू येत नाही गं... रेडिओ बंद करून पाहिला. खरंच येत नाही."

ते रडणं सुटकेचं होतं. मावशीला लगेच कळलं.

"मीच सापडले तुला? सख्खी बहीण?"

"दुसरं कोण गेलं असतं गं माझ्या शब्दावर..."

मावशीने फोन ठेवला. चार वर्षं झाली. दोघी बोलत नाहीत.

हे सगळं मावशीने मला तिच्या घरी सांगितलं, पंखा मोठा करून. बाहेर कडाक्याची थंडी होती. "अजून आहे?" मी विचारलं.

तिने फक्त मान हलवली. हो.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही.

"तुला नसतं पाठवलं," एवढंच म्हणाली.

आमचं घर आता अगदी शांत असतं. मला तिथे बसवत नाही.