करंट बॉडीत उतरतोय

सुरुवातीला खुशाल हसा. मीही हसलो होतो. पुढे आपोआप थांबाल.

दुपारची वेळ. जेवून दुकानातल्या बाकड्यावर आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात काकूंचा निरोप आला. काकू म्हणजे आमच्या हेडमास्तरांची बायको. याच सरांनी मला सातवीत दोनदा बसवलं. तिसऱ्यांदा मीच त्यांच्यावर दया करून शाळा सोडली. सर आता दोन वर्षं वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर दर महिन्याला यायचा आणि 'आता फार तर आठवडा' सांगून जायचा. त्याचे आठवडे बरेच लांब असावेत.

खाली गॅरेजात त्यांची जुनी गाडी. गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, रस्त्यावर असताना सरांसारखीच खाकरणारी. कित्येक महिन्यांत ती सुरूसुद्धा झाली नव्हती, आणि तक्रार काय, तर रोज भरली तरी बॅटरी एका दिवसात बसते!

"काकू, जायचंय कुठे तुम्हाला?" मी विचारलं. "सांगा, मी खांद्यावरून नेतो."

"दुरुस्त नका करू, मिस्त्री. नुसती बॅटरी भरून द्या," जिन्यातूनच त्या म्हणाल्या.

"गळक्या बादलीत पाणी भरायला मिस्त्री कशाला लागतो?"

"भरा म्हणते ना." आणि वर गेल्या.

आता, नको म्हटलेलं मी कधी टाळलंय? टाळलं असतं तर सातवी सुटली असती.

दुकानातून आणलेली भरलेली बॅटरी बसवली. गॅरेजात शिळ्या ऑइलचा वास, वरून औषधांचा. माथ्यावर लाकडी तक्तपोशी, तिच्या वर सरांचा पलंग. त्यांची घरघर खाली स्वच्छ ऐकू यायची. एवढी स्वच्छ, की मीच अधूनमधून दम खायचो.

डायनमोचा पट्टा उतरवून त्याला करंट दिला. गरागरा फिरला, तब्येत उत्तम. कटआउटचे, म्हणजे डायनमो नि बॅटरीमधल्या स्विचचे, पॉइंट चिकटले असतील तर बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते, म्हणून तेही पाहिलं. मोकळे होते. मग शेवटचा उपाय. बॅटरीची एक वायर सोडवायची आणि वायर नि बॅटरीच्या मध्ये छोटा बल्ब धरायचा. किल्ली खिशात, सगळं बंद. बल्ब लागता कामा नये. लागला, तर कुठेतरी गळती आहे.

लागला.

फ्यूज काढले. हॉर्न, दिवे, घड्याळ, डायनमो, सगळ्यांच्या वायरी सोडवल्या. बल्ब आपला लागलेलाच. आणि एकसारखा नाही हो. हळूहळू वाढायचा... थांबायचा... हळूहळू मंदावायचा. मी गंमत म्हणून त्याच्याबरोबर श्वास घेऊन बघितला. मग माझी गंमत तिथेच गोठली. वरची घरघर त्याच तालात चालली होती.

आणि ती बारीक होत होती.

"मिस्त्री..." वरून काकूंचा आवाज. "काय काढलंत तुम्ही?"

मध्ये बल्ब आला की पुढे करंट कमी पोचतो. मी घाईघाईने बल्ब फेकला, वायर जागच्या जागी दाबली. वर सरांनी लांब श्वास ओढला आणि पाणी मागितलं.

मी वर गेलो. काकू दारातच उभ्या.

"काय सापडलं?"

"करंट बॉडीत उतरतोय." आमच्या धंद्यात असंच म्हणतात, बॉडी म्हणजे गाडीचा पत्रा. पण काकूंनी पलंगाकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.

"मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर भरून द्या म्हणते." आणि पाणी आणायला आत गेल्या.

सरांनी बोटाने बोलावलं. वाकलो, तर त्यांच्या अंगाला ॲसिडचा वास.

"गाढवा..." शाळेतलं माझं नाव तेच. "चूक सापडली ना?"

"सापडली, सर."

"मग दुरुस्त कर."

"काकू नको म्हणतात."

"तिला एकटीला... भीती वाटते रे." डोळे मिटले, उघडले. "मी दमलो. रोज भरतात... रोज उतरतो... सोडव आता."

खाली येऊन गाडीच्या पायरीवर बसलो. काकूंचा विचार केला, सरांचा केला. त्या वर्गात आयुष्यभर मी एकच प्रश्न बरोबर सोडवणार, तो हा! कपाळाला हात लावला. मग पाना उचलला, दोन्ही वायरी सोडवल्या, बॅटरी उचलून बाहेर काढली.

वरची घरघर थांबली.

रडणं ऐकू येईल म्हणून बराच वेळ तसाच उभा राहिलो. आलं नाही. आली ती पावलं. काकू जिना उतरून आल्या, डोळे कोरडे, हातात सरांच्या अंगावरची चादर.

"गेले," त्या म्हणाल्या. "हात गार पडले."

"काकू, मी..."

"सरका जरा."

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. मग माझा हात ओढून शेजारी ठेवला. पत्रा कोमट होता. इंजिन मी फिरवलंही नव्हतं.

काकूंनी चादर झटकली, बॉनेटवर पसरली, कडा नीट खोचल्या.

"हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय." मग जमिनीवरच्या बॅटरीकडे बघून, अगदी लहान आवाजात, "आता ही लागणार नाही ना, मिस्त्री?"

गॅरेजाचं दार बंद होतं, वारा नव्हता. चादर सावकाश वर झाली... थांबली... आणि खाली बसली, फार दमलेल्या माणसाच्या छातीसारखी.