शेपटापुढची जागा

"हात लावू का?"

मागून आवाज आला तेव्हा ती ओल्या रस्त्यावर गुडघे टेकून गाडीच्या पोटाखाली डोकावत होती. गाडी गतिरोधकावर बसली होती. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधलं पोट उंचवट्यावर टेकलेलं... हट्टाला पेटून भुईवर बसकण मारलेल्या पोरासारखं. ना पुढे, ना मागे. आत आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती, आणि आपल्या मेलेल्या भावाला हळू आवाजात बोल लावत होती.

"लावा की," ती वर न बघताच म्हणाली, "नाहीतर काय फुंकर मारून हलणार आहे ती?"

मग तिने मान वर केली. विरळ धुक्यात एकामागे एक पाच गाड्या थांबल्या होत्या. पिवळी, चंदेरी, लाल, निळी, आणि पार शेवटी एक गडद हिरवी. सगळ्या तिच्या गाडीसारख्याच बुटक्या, रुंद, जमिनीला कान लावून ऐकत असल्यासारख्या. आणि त्यांचे मालक तिच्या गाडीभोवती अर्धगोल करून उभे होते, गप्प, हात पाठीमागे बांधून.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"

कोणी गेलं नव्हतं. ती या लोकांची रीत होती. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही, आणि मोह होऊ नये म्हणून हात पाठीमागे. त्या पिवळ्या गाडीचे सर्जन रोज माणसांची पोटं उघडत. पण परक्या बॉनेटपुढे तेही शाळेतल्या मुलासारखे हात बांधून उभे राहत.

विचारणारा मात्र हिरव्या गाडीचा मालक होता. सगळ्यांच्या शेवटी गाडी ठेवून तो चालत पुढे आला होता. उंच, शांत, बाहीला पिठाचा पांढरा डाग. त्याने अदबीने आईला उतरायची विनंती केली. आई उतरली, पण गाडी आपल्यामुळे अडकली असा कोणाचा समज आहे का, हे तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून तपासलं. चौघांनी गाडी उचलून जराशी मागे ढकलली. मग तो पुढे उभा राहून तळहाताने दिशा दाखवू लागला.

"सरळ अंगावर घेतलंत तर पोट टेकणारच. तिरकी घ्या... एकेक चाक. घाई नाही."

एकेक चाक चढलं, एकेक उतरलं. गाडी सुटली. चंदेरी गाडीच्या वकीलबाई तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या की लाजू नकोस पोरी, पहिल्यांदा प्रत्येक जण अडकतो. मी कोर्टाच्या फाटकातच अडकले होते आणि मागे न्यायाधीश हॉर्न वाजवत होते.

मग तो म्हणाला, "ही मामांची गाडी ना?"

ती मामाचीच होती. मामाने लग्न केलं नाही, संसार केला नाही. ही दोन माणसांची निळसर राखाडी गाडी केली. गेल्या हिवाळ्यात तो गेला, आणि गाडी भाचीच्या वाट्याला आली. आज ती पहिल्यांदाच गाडी बाहेर काढत होती. तिने मान हलवली. दर रविवारी सकाळी ही मंडळी रांगेने फिरायला निघत, आणि त्या रांगेत मामाची जागा ठरलेली होती. शेवटून दुसरी. सगळ्यांत शेवटी जो असतो त्याला शेपूट म्हणत. शेपटाने कोणाच्याही पुढे जायचं नाही, कोणी थांबलं तर थांबायचं, आणि कोणी मागे राहणार नाही हे बघायचं. हिरव्या गाडीचा हा बेकरीवाला कित्येक वर्षं शेपूट होता. मामा हळू चालवायचा, म्हणून शेपटापुढे.

"जागा तशीच आहे," तो म्हणाला. "येणार असाल तर..."

परतताना आईने पर्स उघडून रुमाल काढला. मग खिडकीबाहेर बघत, जुन्या चालीवर, स्वतःशीच गुणगुणली—

*भाऊ माझा गं गाडीवाला, गाडी भुईला टेकते,*
*बहिणीच्या उंबऱ्याशी, आधी वाकून बघते.*

आणि डोळे पुसून म्हणाली, "जा रविवारी. नाहीतर उगाच गंजेल."

ती गेली. मग जातच राहिली.

लोकांना वाटायचं ही मंडळी वाऱ्याशी शर्यत लावत असतील. खरं तर एक खड्डा दिसला की सहाही गाड्या बैलगाडीच्या चालीने जात. थांब्यावर उतरून बोलायचे ते एखाद्या ओरखड्याबद्दल, आणि तेही पोराला ताप आल्यासारख्या आवाजात. एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न एकच: गाडी कशी आहे? सर्जनांचा पाय मोडला तेव्हा सगळे धावत दवाखान्यात गेले आणि पलंगाशी उभं राहून आधी गाडीचीच चौकशी केली. सर्जनांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गर्विष्ठ होते सगळे. पण गर्व आपापल्या गाडीपुरता, आणि माया सगळ्यांच्या गाड्यांवर. एकच गोष्ट कोणी कोणाला देत नसे, ती म्हणजे किल्ली. वकीलबाई म्हणत, नवऱ्याला घर लिहून दिलं, किल्ली नाही दिली.

तिला मात्र त्या रविवारांतला आरसा आवडायचा. गाडीच्या आतला, लहानसा. त्यात मागची हिरवी गाडी असायची... नेहमी तेवढ्याच अंतरावर. वळण आलं की ती नाहीशी व्हायची आणि वळण सरलं की पुन्हा यायची. चुलीवरच्या दुधाकडे जसं लक्ष जातं तसं तिचं लक्ष तिकडे जायचं. आणि एकदा सिग्नलला थांबलेली असताना आरशात त्याचे डोळे दिसले, सरळ तिच्याकडे लागलेले. तिने आरसा नीट केल्याचं नाटक केलं. तो अजूनच वाकडा झाला.

एका रिमझिमत्या दुपारी तो तिच्या दुकानात आला. चष्म्यांचं दुकान, मागे डोळे तपासायची लहानशी अंधारी खोली. भिजलेल्या जाकिटाला भाजल्या पावाचा वास होता.

"दूरचं दिसतं," तो म्हणाला, "जवळचं जरा..."

तिने त्याला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली, भिंगं एकेक बदलू लागली.

"हे स्पष्ट... की हे?"

"आधीचं. नाही — हे. पुन्हा दाखवता?"

"पाटीकडे बघा."

"बघतोय."

"मी पाटी नाही."

तो हसला नाही, पण कान लाल झालेले अंधारातही तिला कळले. तिने सगळी भिंगं काढून ठेवली. डोळ्यांत काही दोष नाही, असं तिने सांगितलं.

"मग बरं," तो म्हणाला. "मला वाटलं, मला भलतंच दिसायला लागलंय की काय."

बाहेर पावसाचे थेंब काचेवर वाजत होते. तो दारापर्यंत गेला, थांबला, वळला. हात पाठीमागे. तिला वाटलं, आता काहीतरी म्हणेल...

"गाडी कशी आहे?" त्याने विचारलं.

"मजेत," ती म्हणाली, आणि आत जाऊन भिंगं उगाच पुसत बसली.

तेव्हापासून तिच्या मनात एक कुसळ शिरलं. तो कित्येक वर्षं याच गाडीच्या मागे चालत आला होता. मामा होता तेव्हाही त्याची नजर पुढेच असणार. मग आता तो बघतो ते नक्की कोणाकडे? दिवसभर लोकांना "दिसतंय का" विचारणाऱ्या तिला हे एवढं दिसेना.

याच सुमारास घर बदलायचं ठरलं. आईच्या गुडघ्यांना जिने झेपेनात. लिफ्ट असलेलं घर मिळालं, उजेडाचं, आईला पसंत. पण तिथली गाड्यांची जागा तळघरात, आणि तिकडे जाणारा उतार असा खडा आणि अरुंद की मामाची गाडी सरळ घ्यावी तर नाक घासतं, तिरकी घ्यावी तर भिंती आड येतात. एका रविवारी बेकरीवाल्याने येऊन तो उतार फळी लावून मोजला. पुन्हा मोजला. मग फळी भिंतीला टेकवून नुसती मान हलवली.

वकीलबाईंनी आपलं गॅरेज देऊ केलं. तिने विचार केला, आईशी बोलली. आई म्हणाली, दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेली गाय आपली राहत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या दारात हवी. ते पटण्यासारखंच होतं. पण तिला पटलं त्याचं कारण तिने आईला सांगितलं नाही. गाडी गेली की एक गोष्ट आपोआप कळणार होती. आणि जी कळेल तिची तिला भीतीही वाटत होती... रविवार गेले, आरसा गेला, तर मागे काय उरेल?

तिने गाडी विकायला काढली. लांबच्या गावातली एक वयस्क बाई ती बघायला आली. गाडीभोवती फिरली, हात पाठीमागे बांधून. मग हळूच विचारलं, "हात लावू?" तिथेच तिने गाडी द्यायचं ठरवलं. किल्ली देताना आई म्हणाली, गतिरोधकावर तिरकी घ्या हं.

पहिल्या रविवारी ती घरीच राहिली. खोकी उघडली, भांडी लावली, भिंतीवर खिळा ठोकला आणि तो चुकीच्या जागी आहे म्हणून काढला. फोन वाजला नाही. म्हणजे कळलं, तो गाडीकडेच बघत होता, तिने मनाशी म्हटलं. डोळ्यांत काही दोष नव्हताच.

शनिवारी संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला.

"गेल्या रविवारी कुठे होतीस?"

तिने सांगितलं, गाडी नाही ना आता.

"मी गाडीला विचारलं का? आणि हे बघ, उद्या तरी ये, नाहीतर आमचं शेपूट कोणाच्या तरी गाडीखाली जाईल. सबंध रस्ता पुढे एका गाडीची जागा मोकळी सोडून चालवत होता. प्रत्येक टेम्पो मध्ये घुसायचा, हा पुन्हा मागे सरून जागा करायचा. आम्ही मोठ्या रस्त्यावर थांबून थांबून म्हातारे झालो."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "त्याने... फोन का नाही केला?"

"विचारल्याशिवाय हात न लावणारी जात आहे बाई आमची," वकीलबाई म्हणाल्या. "त्यात हा तर विचारायलाही घाबरतो."

रविवारी ती बसने गेली. पेट्रोल पंपाच्या पलीकडे, नेहमीच्या झाडांखाली, रांग लागली होती. पिवळी, चंदेरी, लाल, निळी. मग एक गाडी मावेल एवढी रिकामी जागा, त्यात नुसती ओली पानं. आणि तिच्या मागे हिरवी.

मंडळींना एकाएकी आपापल्या टायरांमध्ये फार रस वाटू लागला. सर्जन तर खाली वाकून चाकच तपासायला लागले. ती चालत जाऊन त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तो गाडीतून उतरला, आला, आणि समोर थांबला. हात पाठीमागे.

"आता तर गाडी नाही," ती म्हणाली. "बघताय कशाकडे?"

"तेव्हा बघत होतो तिथेच."

"तेव्हा पुढे गाडी होती."

"गाडीला आरसा होता," तो म्हणाला. "आरशात डोळे होते." मग थोडा थांबला, शब्द तिरके घेत, एकेक चाक चढवावं तसा. "दुकानात त्या दिवशी मी दुसरंच विचारणार होतो. पण आम्हाला सवयच ती... तोंडातून गाडीच निघाली."

"मग आता विचारा."

"कशी आहेस?"

एवढंच. पण त्यात गाडी नव्हती. ती ओल्या पानांकडे बघत म्हणाली, "बरी नव्हते. आता आहे."

त्याने पाठीमागचा एक हात पुढे आणला. तळहातावर हिरव्या गाडीची किल्ली होती. चंदेरी गाडीपाशी वकीलबाईंनी श्वास रोखलेला स्पष्ट ऐकू आला.

"तुम्ही लोक किल्ली देत नाही ना कोणाला?"

"नाही देत," तो म्हणाला.

तिने ती घेतली.

रांग निघाली. हिरव्या गाडीला भाजल्या पावाचा वास होता आणि तिचं आसन जरा मागे सरलेलं होतं. तिने ते पुढे ओढलं. तो बाजूला बसला होता, बिनकामाचे हात गुडघ्यांवर ठेवून, सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावयासारखा. पुढे तो गतिरोधक आला. तिने वेग कमी केला, गाडी तिरकी घेतली... एक चाक, दुसरं, तिसरं. पोट कुठेही टेकलं नाही. पुढच्या गाड्या वळणाआड गेल्या. तिचा डावा हात गिअरवर विसावला होता.

"हात लावू का?" त्याने विचारलं. आवाज अगदी त्या पहिल्या दिवसाचा.

"लाव की," ती म्हणाली, रस्त्यावरची नजर न काढता.

त्याने लावला.

तिने सवयीने आरशात बघितलं. मागे कोणीच नव्हतं, नुसता ओला रस्ता. शेपटाच्या मागे कोणी नसतंच.